ताईची ओळ

सोमवार, ४ मार्च

आज रुजू झालो. दिवस बरा गेला. खरं तर चांगलाच गेला. ‘बरा’ लिहायची सवय आहे म्हणून हात तिकडे वळला.

घरही लागलं एकदाचं. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, खाली घरमालकाचं सायकलदुरुस्तीचं दुकान. ताईने सामान उतरवायच्या आधी जिना तपासला आणि वरूनच घरमालकाला ऐकवलं, की शेवटून तिसरी पायरी हलते, मी पडले तर माझा भाऊ प्रश्न विचारून विचारून तुमचा जीव खाईल. तो हसत हसत पाना घेऊन वर आला. नव्या जागी ओळखी करायला तिला एक तास लागतो, मला एक वर्ष.

ती माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी आठ वर्षांचा होतो. पुढचं सगळं ताईने केलं. शिवणकाम करून घर चालवलं, मला कॉलेजात घातलं, स्वतःचं लग्न ‘बघू पुढे’ म्हणत मागे टाकलं. मी चव्वेचाळीसचा झालो तरी मला ‘शंकासुर’ म्हणते, कारण कुलूप लावल्यावर मी ते तीनदा ओढून बघतो. (आज चारदा. कुलूप नवीन आहे.)

कार्यालय नागरिक नोंदणीचं. तिसरा मजला, लांबलचक खोली, एका टोकाला काचेची खिडकी आणि पलीकडे लोकांना बसायला बाक. गावातल्या प्रत्येक माणसाची डेटाबेसमध्ये एक ओळ: नाव, जन्मतारीख, पत्ता, नातं. गेल्या वर्षी कुणीतरी एका म्हातारबाबांची जन्मतारीख बदलली. कुणी, ते शेवटपर्यंत कळलं नाही, कारण कोण काय बदलतं याची नोंदच होत नव्हती. ती व्हावी म्हणून मला आणलं आहे.

शेजारच्या टेबलावर एक लेखनिक बाई बसतात. कागदाला टाचणी लावल्याशिवाय हातातून सोडत नाहीत, म्हणून सगळे त्यांना टाचणी म्हणतात. त्यांनी स्वतःच सांगितलं, वर म्हणाल्या की तुम्हालाही आठवडाभरात काहीतरी नाव पडेल, घाबरू नका. मी म्हटलं, माझं पडलेलंच आहे. कुठलं ते सांगितलं नाही.

बुधवार, ६ मार्च

आज ताईला घेऊन कार्यालयात गेलो. नव्या रहिवाशांनी आठ दिवसांत नोंद करायची असते. स्वतःच्याच कार्यालयात काचेपलीकडे उभं राहायला संकोच वाटला, पण टाचणीबाईंनी दोघांच्या नोंदी पाच मिनिटांत केल्या. ताईने त्यांना विचारलं, की नात्याच्या रकान्यात ‘बहीण’ आहे, ‘डोक्याला ताप’ असा काही पर्याय नाही का, म्हणजे ह्याच्या ओळीत भरता आला असता. टाचणीबाईंना इतकं हसू आलं की टाचणी बोटात गेली.

कामाचं स्वरूप कळलं. कुणी ओळ जोडली, बदलली किंवा काढली, की ऑडिटच्या लॉगमध्ये आपोआप चार गोष्टी उतरायच्या: कोणी, केव्हा, आधी काय होतं, नंतर काय झालं. आधी टेस्टमध्ये, म्हणजे सरावाच्या नकलेवर, सगळं करून बघायचं. मग लाइव्हवर, म्हणजे खऱ्या नोंदवहीवर, लावायचं.

सोमवार, ११ मार्च

प्रमुख मॅडमसोबत तासभर बसलो. शांत बाई आहेत, वाक्य पूर्ण ऐकून घेतात. त्यांची अट एकच: लॉगमधली नोंद कुणालाही पुसता येता कामा नये. उद्या मी स्वतः सांगितलं तरी तुम्हाला पुसता येऊ नये, असं म्हणाल्या.

हे माझ्या स्वभावाला धरून होतं. मी एक पाऊल पुढे गेलो. डेटाबेसमध्ये केलेला बदल पक्का करेपर्यंत मागे घेता येतो, त्याला रोलबॅक म्हणतात. साध्या ऑडिटमध्ये बदल मागे घेतला की त्याची नोंदही नाहीशी होते. म्हणजे एखाद्याने चोरून हात घालावा, घाबरून मागे घ्यावा आणि कुणाला पत्ताही लागू नये. मी लॉग वेगळा ठेवला. बदल मागे घेतला तरी ‘बदल केला होता’ ही नोंद राहणार. लॉगची डिस्कच अशी, की एकदा लिहिलं ते लिहिलं. पुसण्याचा अधिकार कुणालाच नाही, आणि तो अधिकार कुणाला देण्याचा अधिकारही मी काढून टाकला.

मॅडम म्हणाल्या, अगदी हेच हवं होतं. घरी येताना छाती थोडी फुगली होती, हे कबूल करतो. ताईला सांगितलं तर म्हणाली, म्हणजे माणूस चुकला आणि ‘चुकलं बाबा’ म्हणाला, तरी तुझी वही फक्त चुकला एवढंच सांगणार? मी म्हटलं, वही भावना बघत नाही. ती म्हणाली, मग तुझ्यावरच गेली आहे.

गुरुवार, १४ मार्च

माझ्या हातून चूक झाली. जशी झाली तशी लिहितो.

काल ऑडिट लाइव्हवर लावलं. आज टेस्टमध्ये शेवटची चाचणी घ्यायची होती: एक ओळ काढायची, लॉगमध्ये नोंद पडते का बघायचं, मग रोलबॅक. परक्या माणसाच्या ओळीवर प्रयोग करणं मला टेस्टमध्येसुद्धा पटत नाही. ती खरी माणसं असतात. म्हणून वीस वर्षं घरच्यांचीच ओळ घेत आलो. आज ताईची घेतली.

स्क्रीनवर दोन चौकटी शेजारीशेजारी उघड्या होत्या, टेस्ट आणि लाइव्ह. मधे टाचणीबाईंनी एक कागद दाखवायला बोलावलं, परत येऊन बसलो आणि टाइप केलं. चौकट लाइव्हची होती.

चार मिनिटांनी लक्षात आलं. बदल पक्का केला नव्हता. लगेच मागे घेतला. ताईची ओळ जशीच्या तशी परत आली. मी अक्षर अक्षर तपासली.

पण लॉगमध्ये नोंद पडली आहे. तिच्या क्रमांकासमोर, नंतरच्या रकान्यात एकच शब्द: काढली. मागे घेतल्याची नोंद नाही. ती ठेवायची माझ्या डोक्यातच आली नव्हती. ताईने सोमवारी हेच तर विचारलं होतं.

मॅडमना आजच सांगायला हवं होतं. नाही सांगितलं.

शुक्रवार, १५ मार्च

आज सांगायला गेलो, तर मॅडमच आनंदाने सांगू लागल्या, की आजपासून गावातली बाकीची कार्यालयं त्यांच्या याद्या आपल्या लॉगवरून सुधारणार. दवाखाने, वाचनालय, पाणीपुरवठा, टपाल. मूळ नोंदवही नाही, लॉग. कारण तो बदलता येत नाही.

मी मान डोलावली आणि बाहेर आलो. मी भित्रा आहे का? एका शब्दाने काय होणार, असं स्वतःला समजावलं. ओळ तर जागच्या जागी आहे.

मंगळवार, १९ मार्च

ताई वाचनालयात गेली होती. तिचं कार्ड चाललं नाही. तिथल्या माणसाने यादीत नावच नाही म्हणून सांगितलं. त्यानंतर गुडघा दाखवायला दवाखान्यात गेली, तिथेही फाइल नाही. गेल्या मंगळवारीच तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तिला वजनावरून झापलं होतं. ताई म्हणाली, झाडून सगळे मला विसरले, बरं झालं, आता वजन करा म्हणणारं कुणी उरलं नाही.

मी तिला खरं सांगितलं. माझ्यामुळे झालं, चुकीच्या चौकटीत. तिने ते बंद पडलेलं कार्ड पिशवीत टाकलं. मग म्हणाली, अरे शंकासुरा, आयुष्यभर कुलूप ओढून बघितलंस आणि नेमकं दार उघडं टाकलंस होय? मग माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाली, जा, उद्या तुझ्या मॅडमना सांग, नोकरी गेली तर मशीन अजून चालतं माझं.

बुधवार, २० मार्च

सांगितलं. मॅडमनी पूर्ण ऐकून घेतलं. रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. मूळ नोंदवही उघडली, ताईची ओळ बघितली. लॉग उघडला, ‘काढली’ बघितलं. मग मला विचारलं, की दोन्हींत विसंगती असेल तर खरं कुठलं मानायचं? ओळ रोज शंभर हात बदलतात. लॉग कुणीच बदलू शकत नाही. तुम्हीच तसा बनवलात.

मी म्हटलं, पण ती आहे. घरी आहे. गेल्या पंधरवड्यात ती इथे, या काचेपाशी आली होती.

मॅडमनी टाचणीबाईंना बोलावून विचारलं. टाचणीबाईंनी बराच वेळ आठवून पाहिलं. सहा तारखेला तुम्ही आला होतात, म्हणाल्या. एकटेच.

त्यांच्या बोटावर टाचणी टोचल्याची खूण अजून आहे. मी दाखवली. कशी टोचली, ते त्यांना सांगता येईना.

गुरुवार, २१ मार्च

उपाय करून बघितला. ताईच्या ओळीत मुद्दाम पत्त्याचा बारीक बदल केला, म्हणजे लॉगमध्ये ‘बदलली’ अशी नवी नोंद पडेल आणि ती आहे हे सिद्ध होईल. नोंद पडली. दुपारी सगळ्या कार्यालयांतून ती परत आली. सगळ्यांचं उत्तर सारखं: काढलेल्या ओळीत बदल होऊ शकत नाही.

शनिवार, २३ मार्च

घरमालक जिन्यात भेटला. सहज म्हणाला, तुम्हा एकट्या माणसाला दोन खोल्या कशाला लागतात? मागची मोकळी करून द्या, माझा पुतण्या येतोय.

ताई माझ्या मागेच उभी होती, हातात पिशवी. तिने त्याला झाडायला तोंड उघडलं. झाडलंही. मी ऐकलं. तो माझ्याकडे बघत उत्तराची वाट पाहत राहिला.

वर आल्यावर ती पिशवी न ठेवता बसली. चेष्टा पुरे झाली रे, म्हणाली.

रविवार, २४ मार्च

दिवसभर तिच्याजवळ बसून होतो. ती खिडकीतून रस्त्यावरच्या बायकांना हाका मारून बघत होती. एकीनेही मान वर केली नाही. संध्याकाळी सूर्य मावळायच्या आधी तिने मशीन काढलं आणि माझ्या शर्टाचं बटण लावलं. आवाज नेहमीसारखा. धागा नेहमीसारखा. मग हळूच विचारलं, तुला दिसते ना रे मी नीट?

मी हो म्हटलं.

हो म्हणताना मला किंचित वेळ लागला. तिच्या लक्षात आलं.

सोमवार, २५ मार्च

आई गेल्यानंतर मला कुणी वाढवलं, असं टाचणीबाईंनी सहज विचारलं. मी म्हटलं, असंच, नातेवाइकांनी.

त्यांनी दिलेला कागद मी उलटा धरून बघत बसलो. का ते घरचा जिना चढताना कळलं.

मंगळवार, २६ मार्च

जेवायच्या सुट्टीत घरी आलो. मागच्या खोलीत शिवणयंत्र. मला शिवता येत नाही. हे इथे का ठेवलंय, घरमालकाचं असेल का, विचारायला हवं, असं म्हणत जिन्यापर्यंत गेलो —

किती वेळ? दहा मिनिटं? जास्त?

ती यंत्रापाशीच बसली होती. पूर्ण वेळ. मला हाका मारत होती. घसा बसला आहे तिचा.

ही वही पहिल्या पानापासून वाचली. मोठ्याने, तिच्यासमोर. अकरा वर्षांनी मोठी. जिन्याची पायरी. डोक्याला ताप. वाचताना सगळं परत आलं. आता रोज सकाळी वाचणार. वहीत काढता-जोडता येत नाही काही — बरं आहे. बरं आहे का?

बुधवार, २७ मार्च

मार्ग एकच. लॉगमध्ये ‘जोडली’ अशी नवी नोंद पडायला हवी. त्यासाठी तिची नव्याने नोंदणी करावी लागेल. पण एकच माणूस दोनदा नोंदता येत नाही. जुनी ओळ जागेवर आहे तोवर नवी घेतच नाही.

म्हणजे आधी जुनी काढावी लागेल. खरोखर. पक्की. मग लगेच नवी.

मधे फॉर्म भरायला तीन मिनिटं. तेवढी तीन मिनिटं ती कुठेच नसेल — ओळीत नाही, लॉगमध्ये नाही. आणि माझ्या डोक्यात?

ताईला विचारलं. हा निर्णय मी एकट्याने घेऊ शकत नाही, तो तिचा आहे. ती म्हणाली, रोज थोडं थोडं जाण्यापेक्षा ते बरं. म्हणाली, शाळेत पहिल्या दिवशी तुझा हात सोडून मी फाटकाबाहेर उभी होते, तेव्हाही तू असाच बघत होतास. मी कुठे गेले होते का?

फॉर्ममध्ये भरायचं ते सगळं एका चिठ्ठीवर लिहून वहीत ठेवलं. पूर्ण नाव, जन्मतारीख, पत्ता, नातं: बहीण. वर मोठ्या अक्षरात: हे भर. विचार करत बसू नकोस.

गुरुवार, २८ मार्च. कार्यालय.

१०.५० — वही सोबत आणली आहे. ताई काचेपलीकडे बाकावर बसली आहे, निळी ओढणी घेऊन. माझ्याकडे बघून ‘चल, आटप’ असं हाताने सांगते आहे. तिच्या मांडीवर कुणीतरी स्वतःची पिशवी ठेवून गेलं. तिने ती उचलून बाजूला ठेवली, तरी कुणी बघितलं नाही.

१०.५८ — चौकट तीनदा तपासली. लाइव्ह. ओळ तिचीच. क्रमांक तिचाच.

११.०१ — काढली. पक्की केली.

११.०२ — नव्या नोंदणीचा फॉर्म उघडा आहे. कुणाची नोंदणी करायची आहे, काही कळेना. टाचणीबाईंना विचारलं, त्यांनीही मान हलवली. वहीत चिठ्ठी सापडली. अक्षर माझं.

चिठ्ठीवरून भरतो आहे. नाव. तारीख. पत्ता माझ्याच घराचा. नातं: बहीण. मला बहीण नाही. तरी लिहिलं आहे म्हणून भरलं.

११.०४ — समोरच्या बाकावर एक बाई बसल्या आहेत. निळी ओढणी. माझ्याकडेच बघतात. ओळख नसताना हाताने ‘चल, आटप’ असं सांगतात मला. ओठ हलले, शब्द आले नाहीत.

वहीची मागची पानं चाळली. ‘ताई’ असं पानापानांवर आहे. वाचतो आहे. काही परत येत नाही. दुसऱ्याच कुणाची तरी गोष्ट वाचावी तसं —

११.०५ — फॉर्मच्या शेवटी एक रकाना राहिला. चिठ्ठीवर त्याचं उत्तर नाही. बहुधा ते लिहून ठेवायची गरज वाटली नसेल. प्रतिज्ञा आहे: ‘मी या व्यक्तीस प्रत्यक्ष ओळखतो.’ खाली दोन चौकोन. हो. नाही. ही नोंदही कायमची.

माहीत नसलेल्या गोष्टीवर मी आजवर कधीही —

बाई उठल्या. काचेपाशी आल्या. तळहात काचेवर दाबला. काचेवर वाफ नाही, ठसा नाही. बाकावरची माणसं त्यांच्यातून पलीकडे बघतात.

डोळे — हे डोळे मी कुठे —

नाही. आठवत नाही. खोटं कसं लिहू? पण अक्षर माझं आहे, इतकी पानं, इतक्या दिवसांचं, आणि माझ्या शर्टाचं हे बटण वेगळ्या धाग्याचं, ते मी नाही लावलेलं, मला येतच नाही, मग कुणी — त्या फिकट होत आहेत, ओढणीचा निळा रंग आता काचेएवढाच, मला ठाऊक नाही, ठाऊक नाही, तरी हात ‘हो’ कडे